हक्काचं खुराडं

आमचं सुपे बारामती तालुक्यातलं, पण जिरायती. पावसाचा भरवसा नाही, म्हणून अंड्यांचे चार पैसे बाईच्या हाताशी हवेतच. दहा गावरान कोंबड्यांसाठी मी घरीच खुराडं केलं. पाच बाय चार फूट, जमिनीपासून दोन फूट उंच. वर पत्रा, उन्हाळ्यात त्यावर कडबा. बाजूंना बारीक चौकोनांची वेल्डमेश; साध्या जाळीला मुंगूस जुमानत नाही. पुढच्या मोकळ्या आवाराची जाळी फूटभर जमिनीत गाडली. दाणापाणी पत्र्याखालीच ठेवते, रानपाखरांची विष्ठा त्यात पडायला नको. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ते विसरून कसं चालेल? मैत्रिणींनो, दिवेलागणीला कोंबड्या मोजा आणि कडी स्वतःच्या हातानं लावा!