ऊसतोडीच्या वाटेवरील प्रसूतीची पिशवी
माजलगाव तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, त्यामुळे गरोदर स्त्रीची पिशवी सातव्या महिन्यातच भरलेली असावी आणि तिच्यात सर्वांत आधी माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे तपासण्या, रक्तगट व लसी यांची नोंदपुस्तिका, ठेवावे. कारण परजिल्ह्यातील डॉक्टरांना तिचा पूर्वेतिहास त्यावरूनच कळतो. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, रक्त, तसेच नैसर्गिक प्रसूतीनंतर ३ आणि सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंतचा आहार मोफत असल्याने बाकीचे सामान बेताचेच पुरते: आईसाठी पुढून उघडणारे सैल कपडे व पॅड, बाळासाठी उन्हात वाळवलेली सुती दुपटी आणि टोपडे. घुटी किंवा मध मात्र मुळीच नसावा, कारण पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावयाचे असते.