सागरोबाच्या पायथ्याशीं

खेडें पाहावयास जाण्याची हौस शहरांतील मंडळींना अलीकडे पुष्कळ आहे. मात्र ती बहुधा हिरव्या खेड्याची असते. नारळी-पोफळींतलें कोंकणांतलें घर, नाहीं तर घाटमाथ्यावरची धुक्यांत बुडालेली एखादी वाडी, एवढेंच खेडें आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आज आपणांस ज्या गांवीं न्यावयाचें आहे तें या चित्रांत बसणारें नाहीं. सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांतील देवराष्ट्रे हें तें गांव. डोंगर तेथें आहे, पण तो सह्याद्रीचा कणा नव्हे. पूर्वेकडे पसरलेल्या फांट्यांपैकीं एक बसक्या माथ्याचा फांटा. पाऊसहि पडतो, पण मोजून.

हें ‘मोजून’ म्हणजे किती, तें आधीं समजून घेतलें पाहिजे, कारण गांवाचें सारें रूप त्यांतूनच निघालें आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळच्या पाण्याचा मोठा वांटा तेथेंच ओतून टाकतात. महाबळेश्वरीं वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस होतो. तेच वारे माथा ओलांडून पूर्वेस उतरतात तेव्हां रिते झालेले असतात. कडेगांवच्या बाजूस पोहोंचेपर्यंत गोष्ट वीस-पंचवीस इंचांवर येते, आणि तेवढाहि पाऊस वेळेवर येईल असा भरंवसा नसतो. सरळ रेषेंत पाहिलें तर या दोन ठिकाणांमधलें अंतर साठ-सत्तर मैलांहून जास्त नाहीं.

पावसाचें मान घराच्या छपरावरून ओळखावें. कोंकणांत छप्पर उतरतें आणि कौलारू, कारण पाणी क्षणभरहि वर थांबतां कामा नये. इकडच्या कोरड्या पट्ट्यांतील जुन्या घरांना धाबें असे. लांकडी तुळया, त्यांवर जवळजवळ मांडलेलीं आडवीं लांकडें आणि वर चोपून बसविलेल्या मातीचा जाड थर. अशा सपाट छपरावर धान्य वाळत घालावें, उन्हाळ्यांत रात्रीं अंथरूण टाकावें. आतां सिमेंटच्या स्लॅबनें धाब्याची जागा घेतली आहे. आकार तोच राहिला. परंतु भर उन्हाळ्यांत मातीच्या धाब्याखालीं जो गारवा मिळे तो सिमेंटखालीं मिळत नाहीं, आणि पंख्यावांचून बसवत नाहीं.

घरें कोठें वसलीं आहेत तेंहि पाहण्याजोगें असतें. आपल्या जुन्या बोलण्यांत गांवठाणाला ‘पांढर’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. ज्या मातींत पीक येतें ती घरांखालीं घालावयाची नाहीं, हा त्यांतला व्यवहार. डोंगरावरून येणारें पाणी ओढ्यानें खालीं उतरतें आणि आपल्याबरोबर माती आणतें. ही माती जेथें सांचली तेथें शेती झाली. देवराष्ट्र्याच्या परिसरांतील ओढ्याचें नांव सोनहिरा, आणि त्यावरून या सगळ्या भागाला सोनहिरा खोरें म्हणतात. ओढ्याला सोन्याचें आणि हिऱ्याचें नांव देणारा माणूस पाण्याची किंमत किती ओळखत असेल!

नांवांचें नवल येथें संपत नाहीं. गांवाजवळच्या डोंगराच्या कुशींत जें प्राचीन शिवालय आहे त्या देवाचें नांव सागरेश्वर. समुद्रापासून इतक्या दूर, पावसाच्या छायेंतल्या मुलुखांत, देव मात्र सागराचा! लोक त्याला जिव्हाळ्यानें सागरोबा म्हणतात. मुख्य देवळाभोंवतीं लहान लहान शिवमंदिरांचा मोठा समूह आहे. श्रावणांतल्या सोमवारीं तेथें दर्शनास दाटी होते. ज्यांना दगड निवांत पाहावयाचे असतील त्यांनीं दुसरा एखादा वार निवडावा.

याच सागरोबाशीं एका नांवाची कथा जोडलेली आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजीं देवराष्ट्र्यास, त्यांच्या आजोळीं झाला. बाळंतपण अवघड होतें. तेव्हां आजीनें सागरोबाला सांकडें घातलें, कीं माझ्या लेकीला यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचें नांव यशवंत ठेवीन. डॉक्टर-दवाखाना हाताशीं नसलेल्या गांवांत बाईच्या जिवाची काळजी करणाऱ्यांना दुसरा कोणता मार्ग होता? तो मुलगा १९६० सालीं महाराष्ट्र राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. तें घर पाहावयास जाणाऱ्यानें मोठ्या वाड्याची अपेक्षा ठेवूं नये. शेतकरी कुटुंबाचें साधें घर आहे, आणि साधें आहे म्हणूनच पाहावें. त्या काळीं हा मुलूख सातारा जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. येथल्या वृद्धांच्या बोलण्यांत सातारा अधूनमधून डोकावतो तो यामुळें.

आतां डोंगराकडे वळूं. आज सागरेश्वरच्या डोंगरावर जें रान दिसतें तें आपोआप उगवलेलें नाहीं. झाडें तोडून, गुरें चारून उघडा पडलेला हा डोंगर पुन्हां झांकावा असें या भागांतील धों. म. मोहिते यांनीं मनावर घेतलें आणि त्यासाठीं वर्षानुवर्षें खपले. लोकांच्या श्रमांना वनखात्याची जोड मिळाली, बाहेरून चितळ, सांबर, काळवीट आणून सोडण्यांत आले, आणि १९८५ सालीं येथें अभयारण्य जाहीर झालें. विस्तार सुमारें अकरा चौरस किलोमीटर, म्हणजे तसा लहानच. माणसानें हातानें उभें केलेलें अभयारण्य अशी त्याची ख्याति आहे. तेथें बारमाही पाणी नाहीं; जनावरांसाठींहि तें माणसालाच पुरवावें लागतें. आणि हरणांची संख्या वाढली कीं कुंपण अपुरें पडतें. रात्रीं हरणें बाहेर येऊन पिकांत शिरतात, ही भोंवतालच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. शहरांतून आलेला पाहुणा चितळांचा कळप पाहून हरखतो. त्याच कळपासाठीं खालचा शेतकरी बॅटरी घेऊन जागत असतो. दोघांचेंहि खरें आहे, पण पाहुण्यानें निदान दुसऱ्याचें ऐकून तरी यावें.

ज्या मुलुखांत पाऊस भरंवशाचा नाहीं तेथली माणसें बाहेर पडतात. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी पलटणींत. परंतु कडेगांव, विटें, खानापूर, आटपाडी या पट्ट्यानें एक आगळाच धंदा उचलला, तो गलाईचा. गलाई म्हणजे जुने सोन्या-चांदीचे दागिने आटवून, त्यांतला कस काढून शुद्ध धातु वेगळा करणें. केरळपासून बंगालपर्यंत सराफी पेठांच्या बोळांत या भागांतली माणसें भट्टीसमोर बसलेलीं आढळतात, आणि गिऱ्हाइकाशीं त्याच्या भाषेंत बोलतात. भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ छातीला बरी नव्हे. घरीं पैसा येतो तो त्यांतून. गांवांत एखादें नवें, रंगविलेलें, कुलूप लावलेलें घर दिसलें तर तें ओसाड समजूं नये. मालक यात्रेला, लग्नसराईला येणार असतो.

मोहरमच्या दिवसांत जाणें जमलें तर कडेगांवचे ताबूत अवश्य पाहावे. कळकाचे हे ताबूत कित्येक मजली उंच असतात. त्यांची रचना आपल्या समजाच्या उलट, म्हणजे आधीं कळस आणि मग पाया, अशी खालीं मजले जोडीत होते. काहीं ताबुतांचा मान हिंदु घराण्यांकडे आहे. ठरल्या जागीं ताबुतांच्या भेटी होतात तेव्हां भोंवतालचीं गांवें लोटतात. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें हा सोहळा दरसाल मागें सरकतो. तेव्हां निघण्यापूर्वीं पंचांग पाहावें.

वाट कठीण नाहीं. पुणें-मिरज लोहमार्गावर ताकारी स्टेशन जवळ पडतें; कऱ्हाडाहून विट्याकडे जाणारा रस्ता कडेगांवावरून जातो. भाद्रपद-आश्विनांत जावें. तेव्हां डोंगरावर गवत असतें आणि ऊन सोसवतें. सकाळीं माथ्यावर उभें राहिलें म्हणजे एका अंगाला दूर खालीं कृष्णा आणि तिच्या कांठचे मळे दिसतात. पिढ्यान् पिढ्या येथल्या लोकांनीं ती अशीच वरून पाहिली. नदी दिसे, पण तिचें पाणी डोंगर चढून येत नसे. आतां ताकारी आणि टेंभू या योजनांनीं तें पंपांच्या बळावर, टप्प्याटप्प्यानें वर चढविलें आहे आणि कालव्यांतून अलीकडच्या रानांत सोडलें आहे. जेथें ज्वारी-बाजरीची वाण होती तेथें ऊंस उभा राहिला. वीस-पंचवीस इंच पावसाच्या मुलुखांत उंसासारखें तहानलेलें पीक घ्यावें काय, याविषयीं मला शंका आहे. पण ज्यानें तीन पिढ्या दुष्काळ पाहिला त्याला साखर कारखान्याचा हमखास पैसा सोडा असें कोणत्या तोंडानें सांगावें?

पाणी उपसावयाचें म्हणजे वीज आली, आणि वीज म्हणजे बिल. बिल थकलें कीं पंप थांबतात आणि भर हंगामांत कालवा कोरडा पडतो. म्हणून गांवांत कोणाला सहज विचारलें, कीं यंदा पाणी कसें काय, तर तो आभाळाकडे पाहत नाहीं. पंप चालू आहेत कीं बंद, आणि थकबाकी किती, तें आधीं सांगतो.