मल्टिपल इनहेरिटन्स : नावं ठेवण्याआधी फायदे बघा

इंजिनिअरिंगच्या ओरल्समध्ये “जावामध्ये मल्टिपल इनहेरिटन्स का नाही?” हा प्रश्न ठरलेला आणि “डायमंड प्रॉब्लेम, सर” हे उत्तरही ठरलेलं. फ्रेशर्सशी बोलताना मला हेच ऐकू येतं. उत्तर चुकीचं नाही, पण त्यामुळे ही सोयच वाईट आहे असं बरेच जण धरून चालतात. म्हणून आज तिची दुसरी बाजू पाहू.

मल्टिपल इनहेरिटन्स म्हणजे काय?

एका क्लासने दुसऱ्या क्लासमधला डेटा आणि फंक्शन्स आयती घेणं म्हणजे इनहेरिटन्स. एकाच वेळी दोन किंवा जास्त क्लासेसकडून घेतलं की झालं मल्टिपल इनहेरिटन्स. सी प्लस प्लस आणि पायथन, दोन्हींत ते चालतं.

खरा फायदा कुठे दिसतो?

पायथनसोबत ‘सॉकेटसर्व्हर’ नावाचं मॉड्यूल येतं. त्यात टीसीपी, यूडीपी आणि युनिक्ससाठीचे दोन असे ४ मूळ सर्व्हर क्लास आहेत. ते एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतात. म्हणजे तुमची मोठी फाइल जाईपर्यंत बाकीचे रांगेत!

यावर उपाय दोन : प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा थ्रेड द्या किंवा वेगळी प्रोसेस. प्रत्येक जोडी स्वतंत्र लिहायची तर ४ × २ = ८ क्लास, आणि तोच कोड पुन्हा पुन्हा. त्याऐवजी तिथे ‘थ्रेडिंग मिक्सइन’ आणि ‘फोर्किंग मिक्सइन’ असे दोनच छोटे क्लास आहेत. थ्रेडिंग मिक्सइन अधिक टीसीपी सर्व्हर, झाला नवा सर्व्हर. आत स्वतःचा एकही नवा कोड नाही! थ्रेडिंगमध्ये बग सापडला तर दुरुस्ती एकाच जागी होते आणि चारही सर्व्हरना मिळते.

मग डायमंडचं काय?

समजा ‘अ’ पासून ‘ब’ आणि ‘क’ बनले, आणि त्या दोघांपासून ‘ड’. दोघांनीही एकच फंक्शन बदललं असेल तर ‘ड’ कोणाचं वापरणार? पायथनमध्ये याचा क्रम पक्का आहे : साधारणपणे कंसात जो क्लास आधी, त्याचं आधी. म्हणूनच वरच्या उदाहरणात मिक्सइन आधी लिहावा लागतो. सी प्लस प्लसमध्ये असा गोंधळ झाला तर कंपायलर एरर देतो.

गंमत म्हणजे जावानेही २०१४ मध्ये, जावा ८ पासून, इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड्स आणल्या. म्हणजे तयार कोड अनेक इंटरफेसकडून घेता येतो. अँड्रॉइडच्या कोटलिनमध्येही तसंच. गरज खरी होती, म्हणूनच ना?

कधी वापरायचं?

एक सोपी कसोटी : “मोबाइलमध्ये कॅमेरा आहे” हे पटतं, “मोबाइल हा कॅमेरा आहे” हे खटकतं. तिथे इनहेरिटन्स नको, कॅमेऱ्याचा ऑब्जेक्ट आत ठेवा. पण एकच छोटं काम अनेक क्लासेसना जोडायचं असेल, तर मिक्सइन बिनधास्त वापरा.

पुढच्या इंटरव्ह्यूत डायमंड सांगाच, पण त्यासोबत ८ ऐवजी २ क्लासचं हे गणितही सांगा.