काळा स्क्रीन आणि पीजेचं फुटेज

कमांड लाइन म्हटलं की आपल्याला आठवतं फर्स्ट इयरचं सी प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल आणि व्हायव्हा. सबमिशन झालं की तो काळा स्क्रीन आपण विसरून जातो. पण फिल्म एडिटिंगमध्ये हाच काळा स्क्रीन रात्रीच्या रात्री वाचवतो. कसा, ते या लेखात सांगायचं आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे टेक्निकल शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. मराठीच्या सरांनी सांभाळून घ्यावं!)

आधी विषय कुठून आला ते सांगतो. पाचोरा ते जामनेर ही सुमारे ५६ किलोमीटरची नॅरोगेज लाइन, म्हणजे आपली 'पीजे'. जवळपास शंभर वर्षं ही छोटी गाडी शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जात होती. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच. मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलं, त्यामुळे ती छोटी गाडी आता पुन्हा शूट करता येणार नाही. जे आहे ते लोकांच्या घरी आहे. कुणाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये शेवटची पाच मिनिटं, तर कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये अर्ध्या मिनिटाची क्लिप. आम्ही हॉस्टेलचे चौघे हे सगळं गोळा करून छोटी फिल्म बनवतो आहोत. दीडशेच्या आसपास क्लिप्स जमल्या आहेत.

कमी साधनांत फिल्म बनवणं आपल्या भागाला नवीन नाही. शेजारच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. फैजा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी याच मंडळींवर आहे. त्या काळी साधं एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर जोडायचे, एकावर प्ले आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड. प्रत्येक कॉपीला चित्र थोडं खराब व्हायचं. आज कॉपी खराब होत नाही, पण क्लिप्सचा ढीग होतो. तो माऊसने एकेक करून आत घ्यायचा म्हणजे कंटाळा येतो आणि कंटाळ्यात क्लिप सुटते. म्हणून बॅच इम्पोर्ट.

पहिली पायरी : कॅसेट उतरवणे.
मिनी डीव्ही कॅसेट पेन ड्राइव्हसारखी कॉपी होत नाही. एक तासाची कॅसेट एक तास चालवावीच लागते. कॅमेरा फायरवायरने जोडायचा. नव्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, त्यामुळे कार्ड असलेला जुना डेस्कटॉप शोधावा लागतो. लिनक्सवर 'डीव्हीग्रॅब' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याला ऑटोस्प्लिट सांगितलं की जिथे रेकॉर्डिंग थांबून पुन्हा सुरू झालं तिथे तो नवी फाइल करतो आणि टाइमस्टॅम्प सांगितला तर फाइलच्या नावात शूटिंगची तारीख-वेळ घालतो. एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, तेव्हा आधी हार्ड डिस्क बघा.

दुसरी पायरी : नावं.
हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे सारख्याच नावाच्या फाइल्स बनवतात. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि 'रिप्लेस' दाबलं, की एक क्लिप कायमची गेली. म्हणून प्रत्येक माणसाच्या फुटेजला वेगळा फोल्डर, आणि स्क्रिप्टने प्रत्येक नावाच्या पुढे त्या माणसाचा कोड आणि तारीख. नंबर ००१, ००२ असे लिहा. नाहीतर साध्या अक्षरक्रमात क्लिप १० ही क्लिप २ च्या आधी येते. कॉपी झाल्यावर 'एमडीफाइव्हसम' चालवून मूळ आणि कॉपी जुळतात का ते बघायचं. ते जुळल्याशिवाय कुणाचंही कार्ड परत द्यायचं नाही. मूळ फाइल्स रीड-ओन्ली करून टाका.

तिसरी पायरी : तपासणी आणि कन्व्हर्जन.
'एफएफप्रोब' लूपमध्ये चालवला की प्रत्येक क्लिपची लांबी, साइज आणि फ्रेम रेट यांची यादी मिळते. आपल्याकडची कॅसेट सेकंदाला २५ फ्रेमची. मोबाइल बहुतेक ३० च्या आसपास, तोही कमी-जास्त होणारा. असं फुटेज सरळ टाइमलाइनवर टाकलं की हळूहळू आवाज पुढे आणि इंजिन मागे! म्हणून 'एफएफएमपेग'ने सगळ्यांची २५ फ्रेमची वर्किंग कॉपी बनवायची. कॅसेटचं चित्र इंटरलेस्ड असतं, त्यावर डीइंटरलेस फिल्टर लावायचा. हे सगळं एका फॉर लूपमध्ये बसतं. रात्री एंटर दाबायचं आणि झोपायचं. माझा रूममेट म्हणाला, "काय भो, हॅकर झाला का तू?"

दोन टिप्स. 'मायनस एन' दिलं तर एफएफएमपेग आधीची फाइल पुसत नाही. आणि यादी वाचणाऱ्या व्हाइल लूपमध्ये 'नोएसटीडीइन' द्या. नाहीतर एफएफएमपेग कीबोर्डचं इनपुट समजून तुमच्या यादीतलीच अक्षरं गिळतो आणि पुढच्या क्लिप्स गायब.

चौथी पायरी : एडिटरमध्ये घेणे.
आम्ही ब्लेंडर वापरतो. थ्रीडीसाठी प्रसिद्ध असला तरी त्यात व्हिडिओ एडिटर आहे, तो फुकट आहे आणि पायथन समजतो. विंडो न उघडता बॅकग्राउंडमध्ये ब्लेंडर चालवायचा आणि त्याला पायथनची फाइल द्यायची. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइल्स क्रमाने घेते, एका चॅनलवर चित्र आणि खालच्या चॅनलवर आवाज ठेवते, क्लिप जिथे संपली तिथे पुढची सुरू करते आणि शेवटी प्रोजेक्ट सेव्ह करते. सीनचा फ्रेम रेट आधीच २५ करा, कारण ब्लेंडरचा मूळ रेट २४ असतो. नव्या आवृत्त्यांत काही कमांड्सची नावं बदलली आहेत, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट एरर देऊ शकते.

आता कुणी विचारेल, एवढं शिकण्यापेक्षा हाताने केलं तर काय बिघडलं? दहा क्लिप्स असतील तर काहीच नाही. पण नवीन कॅसेट मिळाली की तीच स्क्रिप्ट पुन्हा चालते. आणि काय आलं, कुठून आलं, याची लेखी यादी राहते. एका आजोबांनी कॅसेट देताना एवढंच सांगितलं, "हरवू नका, दुसरी नाही." लूप थकत नाही, झोपेत चुकीचं बटन दाबत नाही. अशा विश्वासाला तेवढी शिस्त तरी हवीच.

कापायचं काय आणि ठेवायचं काय, हे मात्र कमांड सांगत नाही. तिथे डोळे आणि मन लागतं.

आमच्या सगळ्या कमांड्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावल्या आहेत. आणि स्टाफपैकी किंवा पाचोरा-जामनेरकडच्या कुणाच्या घरी पीजेचं काही रेकॉर्डिंग असेल, तर जरूर कळवा. कॅसेटला बुरशी लागते, तेव्हा लवकर कळवा. कॉपी करून मूळ कॅसेट परत मिळेल, याची खात्री देतो.