‘वेअरवुल्फ’ या शब्दाचा मराठी पर्याय

टेरेन्स फिशर दिग्दर्शित ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’ (हॅमर, १९६१) हा ब्रिटिश भयपट भाषाभ्यासकापुढे एक प्रश्न ठेवतो: ‘वेअरवुल्फ’ हा शब्द मराठीत कसा आणावा?

या शब्दाची दोन्ही अंगे आपणांस परकी नाहीत. प्राचीन इंग्रजीतील ‘वेर’ (पुरुष) हा संस्कृत ‘वीर’ शब्दाचा, तर ‘वुल्फ’ हा ‘वृक’ शब्दाचा सगोत्र होय. तेव्हा ‘नरवृक’ हा पर्याय साहजिक वाटतो. परंतु घोटाळा येथेच होतो. ‘पुरुषव्याघ्र’ म्हणजे व्याघ्रासारखा पुरुष. पाणिनीने (२.१.५६) सांगितलेल्या या उपमित समासात पुरुष हा पुरुषच राहतो. त्याच वळणाने ‘नरवृक’ म्हणजे लांडग्यासारखा क्रूर माणूस, असा अर्थ होईल. मराठीतील ‘लांडगेतोड’ हा शब्दही माणसाच्या क्रौर्याचाच वाचक आहे.

चित्रपटातील लिऑन (ऑलिव्हर रीड) मात्र स्वभावतः क्रूर नाही. तो प्रेमळ तरुण पौर्णिमेस लांडगा होतो आणि अखेर त्याच्या पालक पित्यालाच त्याच्यावर रुप्याची गोळी झाडावी लागते. उपमेच्या मार्गाने गेल्यास ही शोकांतिकाच नाहीशी होते.

शिवाय नांदेड-लातूरकडील माळरानावर मेंढरे राखणाऱ्यास लांडगा म्हणजे कोकरू पळविणारा खराखुरा प्राणी, शाप नव्हे. म्हणून ‘लांडगा होणारा माणूस’ हा लांबट पर्यायच आम्हांस ग्राह्य वाटतो. त्यातील ‘होणे’ हे क्रियापद गाळले, तर मूळ अर्थच गळून पडतो, हे अनुवादकाने ध्यानात ठेवावे.