बोअरचं पाणी आणि टर्बोची गाडी

जुनी गाडी, घरचं काम : लेखांक ७

परभणीत जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन बसतं ते उन्हामुळं नाही, पाण्यामुळं. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ अंशांवर जातो, पण तेवढी उष्णता सोसायची सोय या गाडीत मुळातच आहे. रेडिएटरमध्ये बादलीनं ओतलेलं बोअरचं पाणी सोसायची सोय मात्र कुठल्याच गाडीत नसते. मागच्या लेखात टायमिंग बेल्टबरोबर वॉटर पंपही बदला, असं ओझरतं म्हटलं होतं. त्याचं कारण आज सविस्तर सांगतो, कारण मार्च संपत आला की या कामाला उशीर करून चालत नाही.

ही गाडी आपल्या घरातली आहे, हे आधी सांगायला हवं. स्कोडानं २००१ साली ऑक्टाव्हिया भारतात आणली आणि तिची जुळणी आपल्यापासून दोनेकशे किलोमीटरवर, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला सुरू केली. २००४ मध्ये तिचाच आरएस अवतार आला. १७८१ सीसीचं पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, टर्बो, १५० अश्वशक्ती. टर्बो पेट्रोल गाडी म्हणजे काय हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नसताना मराठवाड्यात जुळलेली ही गाडी तो अनुभव देत होती. आज वीस वर्षांनंतरही ती चांगल्या हातात असेल तर तिसऱ्या गिअरमधली तिची ओढ नव्या गाड्यांना मागं सारते. तिला भंगारात जाऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच पाण्याबद्दल एवढा आग्रह.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, वर काळी माती. त्यातून झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तेच इंजिनाच्या आत होतं. फरक एवढाच की रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात. थोडा थर बसला तरी पाण्याची वाट निम्मी होते. सगळ्यात आधी तुंबते ती हीटरची जाळी, आणि परभणीत हीटर लावतो कोण? त्यामुळं ते कळतच नाही. जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा भर उन्हातसुद्धा पाच मिनिटं हीटर लावून बघा. इंजिन तापलेलं असूनही झोत कोमट येत असेल, तर गाडीला कुणी काय पाजलंय ते समजून जा.

‘आपल्याकडं बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, पाणी बरं,’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, एवढं त्यात खरं आहे. पण कूलंटची खरी कामं दोन. पहिलं गंज रोखण्याचं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की गंजाला आयतं निमंत्रण मिळतं. दुसरं उकळबिंदू वर नेण्याचं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. टाकीच्या झाकणानं आत दाब धरून ठेवला की हाच बिंदू १३० च्या आसपास जातो. झाकण ढिलं पडलं, दाब सुटायला लागला, की हा सगळा फायदा गेला. म्हणून हेड उतरवायचा विचार करण्याआधी ते छोटंसं झाकण बदलून बघावं.

कूलंट घेताना रंगावर जाऊ नका. या गाडीला मुळात जी-१२ म्हणतात ते लालसर कूलंट असायचं. त्यात दुकानातला हिरवा किंवा निळा कूलंट मिसळला की तपकिरी गाळ होतो आणि तो नळ्यांत बसतो. डब्यावर जी-१२ प्लस किंवा त्यापुढचं प्रमाण लिहिलेलं असेल तोच घ्या. आत सध्या काय आहे याची खात्री नसेल तर वरून भर घालू नका, सगळं काढून नव्यानं भरा.

काढायचं काम सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर वाफ थेट तोंडावर येते. घाईत भाजलेले हात मी पाहिलेत. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंना घोड्या लावा. रेडिएटरचा खालचा होज सोडला की बरंचसं पाणी खालच्या टबात येतं. ते गंजकट असेल तर डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थोडं चालवून, गार होऊ देऊन पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. बॅटरीवाल्याच्या दुकानात मिळतं तेच डिस्टिल्ड वॉटर चालतं. भरताना कूलंटचं प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली नको आणि ६० च्या वरही नको. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, होज हातानं दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी गार गाडीत पातळी पुन्हा बघा, ती खाली गेलेली असते.

आता पंपाकडं. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तो अडकला तर बेल्ट जातो, आणि बेल्ट गेला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून एक उघडलं की दुसरं बदलायचंच. शिवाय यातल्या अनेक पंपांच्या आतला पंखा प्लॅस्टिकचा होता. उष्णतेनं तो तडकतो आणि दांड्यावर नुसता घसरतो. बाहेर थेंबभर गळती नाही, आवाज नाही, पण पाणी फिरायचं थांबलेलं. नवा पंप धातूच्या पंख्याचाच मागवा. हेच इंजिन फोक्सवॅगन आणि ऑडीच्याही गाड्यांत होतं, त्यामुळं स्कोडाच्या नावानं नाही म्हटलेला भाग पार्ट नंबर सांगितला की छत्रपती संभाजीनगरला नाही तर पुण्याला सापडतो. जुन्या पंपावरचा नंबर लिहून घेतल्याशिवाय तो टाकू नका.

आणि काट्यावर विसंबू नका. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा ९० वर स्थिर दिसतो, कारण त्याला तसंच बनवलंय. साधारण ७५ पासून १०५ पर्यंत खरं तापमान काहीही असलं तरी तो जागचा हलत नाही. तो वर सरकायला लागला, म्हणजे फार आधीच काहीतरी बिघडलेलं असतं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून खरा आकडा बघा. जिंतूरच्या रस्त्याला अर्धा तास चालवून परत गर्दीत आलात आणि आकडा शंभराच्या पुढं चढतच राहिला, तर आधी पंखे तपासा. त्याची परीक्षा सोपी आहे: एसी लावला की समोरचे दोन्ही पंखे लगेच फिरायला हवेत. नाही फिरले तर बॅटरीच्या डोक्यावरचा फ्यूज बॉक्स उघडा. तिथलं प्लॅस्टिक वितळलेलं सापडणं या गाड्यांत नेहमीचंच. फ्यूज ठीक असेल तर पंख्याच्या हळू गतीचा रेझिस्टर जळलेला असू शकतो.

पंखे फिरत असूनही गाडी तापत असेल तर एसीच्या कंडेन्सरची जाळी बघा. मानवत-सेलूकडं कापसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी चालवली की सरकी-कापसाची पिंजण, त्यावर काळ्या मातीची धूळ आणि किडे यांचा गादीसारखा थर बसतो. तो इंजिनाच्या बाजूनं बाहेर, साध्या नळाच्या पाण्यानं काढा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं पत्र्याच्या पात्या आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही. बाहेरून धुवायला बोअरचं पाणी चालतं.

काढलेला जुना कूलंट नालीत किंवा परसात ओतू नका. तो चवीला गोड असतो आणि विषारीही. कुत्री आणि जनावरं तो चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडं द्या आणि तो ऑइलच्या पिंपात मिसळू नये, एवढं त्यांना सांगा.

पुढच्या आठवड्यात इग्निशन कॉइल : गाडी तीनच सिलिंडरवर चालायला लागली की कुठून सुरुवात करायची.