एकेरी रुळाची वाट

कॅसलरॉकला गाडी रेंगाळली की उतावीळ प्रवासी चरफडतात. चरफडू द्या! येथून कुळ्यापर्यंत अवघ्या सव्वीस किलोमीटरांत गाडीला सह्याद्री उतरायचा असतो. उतार सदतिसास एक. म्हणूनच जादा इंजिने जोडतात. चढताना रेटायला, उतरताना आवरायला. मार्ग १८८८ सालचा. १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचा अंमल होता.

मग बोगद्यांमागून बोगदे! एकातून बाहेर पडावे, तो सुमारे ३१० मीटरांवरून कोसळणारा दूधसागर थेट खिडकीशी. आम्ही श्रावणात गेलो होतो. तुषारांनी सौ.ची थालीपीठे भिजली. पण कुरकुरायचे भान कोणाला?

सभोवारचे रान भगवान महावीर अभयारण्याचे आणि मोले राष्ट्रीय उद्यानाचे, गव्यांचे, शेकरांचे. येथे दुसरा रूळ टाकायचे ठरले होते, म्हणजे झाडांवर कुऱ्हाड आलीच. गोव्यातली तरुण मंडळी विरोधाला उभी राहिली. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या कामाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली.

मालगाड्यांचा खोळंबा होतो, हे खरे. परंतु एकेरी रुळावर समोरची गाडी येईपर्यंत थांबावे लागते, तेव्हाच तर रातकिड्यांची किरकिर ऐकू येते. तेवढा अर्धा तास मी खुशाल देईन.